मन्मथआप्पांचा आयरिश पणजोबा

मन्मथआप्पांना कुणी इंग्रज म्हटलं, तर ते विकलेली पेंड परत घेत. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. एक शेतकरी सरकीच्या पेंडीचं पोतं पाठीवर टाकून दुकानातून निघाला होता. निघता निघता बिचारा कौतुकानं म्हणाला, आप्पा, तुमी पाक इंग्रजावानी दिसताव. आप्पा गादीवरून उठले, त्याच्या पाठीवरचं पोतं अलगद उतरवून घेतलं आणि म्हणाले, "इंग्रज न्हाई, आयरिश. आदी फरक समजून घ्या, मंग पेंड न्या."

मग त्याला बाकड्यावर बसवून त्यांनी फरक समजावून सांगितला. इंग्रजांनी आयरिश लोकांना आपल्याहून कितीतरी जास्त वर्षं छळलं, तिथं बटाट्यावर रोग पडला, माणसं उपाशी मेली, उरलेली बोटीत बसून लिव्हरपूल नावाच्या बंदरात उतरली, आणि आज ते अख्खं शहर म्हणजे आपल्याच लोकांचं. तिथून एक जवान पोरगा पलटणीत भरती झाला आणि थेट आपल्या अंबाजोगाईत, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादच्या छावणीत, घोड्यांच्या पागेवर आला. तो आमचा पणजा. शेतकरी सगळं मान डोलावून ऐकत होता. त्याचं लक्ष बाहेर उभ्या असलेल्या बसकडे होतं. बस गेली, तेव्हा कुठे पोतं मिळालं.

आता शेतकऱ्याची चूक म्हणावी तर तीही नाही. आप्पांचे डोळे घारे होते, आणि घारे म्हणजे आपल्याकडे दहा जणांत एखाद्याचे असतात तसे नव्हेत. हिरवट, पाण्यासारखे, उन्हात तर बघवत नसत. मिशी तांबूस. या सगळ्याच्या वर कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, अंगात बंडी, कमरेला धोतर. लिंगायत वाण्याच्या अंगावर कुणीतरी भलताच चेहरा बसवून दिलाय, असं पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं.

मला ते पहिल्यांदा दिसले ते घरमालक म्हणून. देशात उदारीकरणाचं वारं नुकतंच सुरू झालं होतं आणि मी अंबाजोगाईच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायला रुजू झाले होते. एकट्या बाईला खोली द्यायची म्हटलं की गावातले घरमालक जात, गाव, लग्न, स्वयंपाक, सगळं विचारत. आप्पांनी एवढंच विचारलं, "तुमचं इंग्रजी इंग्रजाचं का आयरिश लोकाचं?" मी म्हटलं, परभणीचं. त्यावर त्यांनी समाधानानं मान हलवली आणि दुकानावरच्या खोल्या मला दिल्या.

दुकानाच्या पाटीवर ‘लिव्हरपूल सरकी-पेंड भांडार’ असं लिहिलेलं होतं. जुन्या काळी कापसाचे व्यापारी लिव्हरपूलच्या भावाकडे डोळे लावून बसायचे, त्यामुळे गावातल्या म्हाताऱ्यांना ते नाव परकं नव्हतं. बाकीच्यांना ती एखाद्या पेंडीची जात वाटायची. लिव्हरपूल पेंडीनं म्हशीला दूध वाढतं का, असं मलाच दोघांनी विचारलं होतं. पाटीच्या कोपऱ्यात पेंटरनं बोट काढली होती. पेंटरनं आयुष्यात बोट पाहिली नव्हती, त्यामुळे ती धुराडं बसवलेल्या उसाच्या ट्रॉलीसारखी झाली होती. आप्पांना ती फार आवडायची, कारण बोट त्यांनीही पाहिली नव्हती.

समुद्रसुद्धा पाहिला नव्हता. तरी बोलताना ‘आमच्या बंदरात’ असं सहज म्हणून जायचे. आमच्या बंदरात कायम धुकं असतंय. आमच्या बंदरात मानसं लई बोलकी. मी एकदा विचारलं, मुंबईला जाऊन निदान समुद्र तरी बघून या की. म्हणाले, "त्यो दुसरा समिंदर. आपला न्हाई." माजलगावच्या धरणावर मात्र ते नेमानं जायचे. भिंतीवर उभं राहून पाण्याकडे बघायचे आणि सोबत असेल त्याला सांगायचे, बंदर असंच असतं, फक्त पल्याडचं काही दिसत नाही.

गाव त्यांची चेष्टा करायचं. लिंगायताचा पणजा गोरा कसा, हा प्रश्न चहाच्या हॉटेलात कायम शिळ्या भज्यांबरोबर निघायचा. आप्पांकडे उत्तर तयार असे. पणजोबानं जंगमाकडून, म्हणजे लिंगायतांच्या गुरूकडून, दीक्षा घेतली होती, गळ्यात लिंग बांधलं होतं, आणि छावणीच्या घोड्यांना चारा पुरवणाऱ्या वाण्याच्या घरात तो रीतसर जावई झाला. आणि समजा दीक्षेवर कुणाचा विश्वास बसला नाही, तर पुढचा मुद्दा असा की, ते लोक मेलेल्या माणसाला पुरतात आणि आपणही पुरतो. जाळत नाही. "सोयरीक वरूनच जमून आलीवती," आप्पा म्हणायचे. यावर हॉटेलातले लोक पुन्हा भज्यांकडे वळत.

पणजोबा पुरलेला होता हे खरंच होतं. गावाबाहेर छावणीचं जुनं कब्रस्तान होतं. बाभळी माजलेल्या, कुणाच्या तरी शेळ्या आत बांधलेल्या, बरेचसे दगड लोकांनी पायऱ्यांना नेलेले. त्यात एक दगड शाबूत होता. त्यावर मायकेल हे नाव आणि खाली लिव्हरपूल, एवढं वाचता येत होतं. बाकीचं, आडनावासकट, अलीकडे झिजलं होतं. आप्पांच्या तरुणपणी औरंगाबादहून आलेल्या एका पाद्रीबुवांनी ते वाचून दाखवलं आणि आडनाव आयरिश आहे, त्या बंदरात असले लोक पुष्कळ, असं सांगितलं. तेव्हापासून आप्पा दर सोमवारी आंघोळ करून तिथं जायचे, दगड धुवायचे, त्यावर विभूतीचे पट्टे ओढायचे, बेल वाहायचे आणि वाटीभर हुग्गी ठेवून यायचे. लिंगायताच्या घरी गव्हाची हुग्गी मानाची. ती शेळ्या खायच्या. पणजोबाला पोचली, असं आप्पा मानायचे.

त्या वर्षांत पेपरात रोज परदेशी कंपन्या येणार, परदेशी कंपन्या येणार असं छापून यायचं. बाजारात कुणी त्यावर खूश होतं, कुणी धास्तावलेलं. आप्पा एकटेच असे होते की ज्यांना ही बातमी घरगुती वाटायची. सरकारनं दारं उघडली म्हणजे आता आपली माणसं येणार, असा त्यांनी सरळ अर्थ काढला होता. त्यांनी दुकानाला रंग दिला. एक स्टीलची खुर्ची आणली आणि तीवर कुणाला बसू दिलं नाही. गल्लीत केबल आली तेव्हा पहिली जोडणी त्यांनी घेतली, आणि लिव्हरपूलच्या फुटबॉलचा सामना असला की गिऱ्हाईक सोडून आत जाऊन बसायचे. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. ते चेंडूकडे बघतच नसत, मागे बसलेल्या लोकांकडे बघत. पडद्याजवळ जाऊन एकेकाचे डोळे न्याहाळायचे. मला त्या वेळी हसू यायचं.

माझ्याकडून त्यांनी एक वाक्य शिकून घेतलं होतं: आय ॲम मायकेल्स ग्रेट-ग्रँडसन. पहाटे दुकान झाडताना ते सरकीच्या पोत्यांना हे वाक्य म्हणून दाखवायचे. वरच्या खोलीत मला ऐकू यायचं. ‘ग्रेट’वर इतका जोर द्यायचे की मायकेलला लाज वाटावी.

आप्पांचं लग्न झालं नव्हतं. का, असं विचारलं की म्हणायचे, आयरिश लोक उशिरा करतात. पन्नाशी उलटली होती. घरात ते आणि त्यांची आई, भागाबाई. ती दिवसभर मागच्या दारात बसून फाटकी पोती दाभणानं शिवायची. कानानं बरी होती, नजर अधू झाली होती, तरी टाका चुकत नसे. बोलणं फार कमी. आप्पा पणजोबाचं पुराण सुरू करायचे तेव्हा ती कधी हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही. सुतळी ओढत राहायची. आणखी एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. बाजारात समोरच्या रांगेत एक मोठं कापडाचं दुकान होतं. आप्पा तिथून कधी रुमालसुद्धा घेत नसत, आणि त्या दुकानावरून जाताना पणजोबाची गोष्ट मुद्दाम मोठ्यानं सांगत. ते दुकान त्यांच्या सावत्र भावांचं आहे, असं मला दूधवाल्याकडून कळलं. पुढं विचारलं तर दूधवाला म्हणाला, जाऊ द्या मॅडम, बाईमानसाच्या कानावर घालायची गोष्ट न्हाई. बायकांवर बेतलेल्या सगळ्या गोष्टी बायकांच्या कानावर घालायच्या नसतात, हा आपल्याकडचा नियमच आहे.

आणि मग खरंच एक बाई आली.

पावसाळा सरून ऊन पडायला लागलं होतं. कॉलेजच्या शिपायानं स्टाफरूममध्ये येऊन सांगितलं की एक गोरी म्हातारी आलीय, छावणीचं कब्रस्तान विचारतेय, आणि इंग्रजी येणारं माणूस म्हणून प्राचार्यांनी तुम्हाला बोलावलंय. तिचं नाव नोरा. निवृत्त नर्स, अंगात सुती झगा, डोळ्यांवर काळा चष्मा, पायात कॅनव्हासचे बूट, त्यांना आपल्या रस्त्याची लाल धूळ. लिव्हरपूलहून आले, म्हणाली. तिच्या आजोबांचा थोरला भाऊ या गावात मेला होता आणि तिच्या घरातलं कुणी आजवर त्याच्या थडग्यापर्यंत गेलं नव्हतं. भावाचं नाव मायकेल.

मी रिक्षा केली ती आधी दुकानाकडे. आप्पा गिऱ्हाइकाला भुसा मोजून देत होते. मी म्हटलं, आप्पा, तुमच्या बंदरातून पाहुण्या आल्यात, मायकेलच्या घरच्या. त्यांनी माप खाली ठेवलं. भुसा अंगावर तसाच होता. नोरानं हात पुढं केला, त्यांनी नमस्कार केला, आणि मी त्या वाक्याची वाट बघत उभी राहिले. ते वाक्य काही आलं नाही. स्टीलची खुर्ची पुढं सरकवायचंही त्यांना सुचलं नाही. ते मुकाट रिक्षात पुढं ड्रायव्हरशेजारी अवघडून बसले.

कब्रस्तानात नोरा बाभळीच्या काट्यांतून वाट काढत त्या दगडापर्यंत आली आणि थबकली. सोमवार नुकताच होऊन गेला होता. दगड स्वच्छ होता. विभूतीचे पट्टे ठळक, बेलाची पानं अजून हिरवी, वाटी शेळ्यांनी चाटून लख्ख केलेली. तिनं विचारलं, हे कुणी केलं? मी आप्पांकडे बोट दाखवलं. किती वर्षं? मी म्हटलं, जन्मभर म्हणा. ती दगडाशी गुडघे टेकून बसली आणि चष्म्याखालून रुमाल घालून डोळे पुसत राहिली. आम्ही, त्याच्या घरचे, कुणीच आलो नाही, असं ती परत परत म्हणत होती.

मग ती आपण होऊन सांगायला लागली. मी आप्पांना मराठीत सांगत होते. तिच्या घरात मायकेलची गोष्ट आजीनं आईला आणि आईनं तिला सांगितली होती. घरात खायची ददात, म्हणून तो पलटणीत गेला. उन्हाळ्यात इथं पोचला, आणि पहिल्याच पावसाळ्यात पटकीनं गेला. विशीसुद्धा उलटली नव्हती. लग्न नाही, मूल नाही. पोरच होतं ते, ती म्हणाली.

मी ‘पटकीनं गेला’ इथपर्यंत सांगून थांबले.

"पुरं सांगा मॅडम," आप्पा म्हणाले.

मी सांगितलं. दुसरं काय करणार होते? दगडाकडे बघतच ते म्हणाले, "मला ठावं हाय. मीच बनीवला की त्येला."

तिथंच चिंचेखाली बसून त्यांनी सगळं सांगितलं. इतकी वर्षं बोलत असलेला हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. आप्पा जन्मले ते याच गावात, त्या कापडवाल्यांच्या घरात. पोराचे डोळे उघडले तसे घरातले सगळे गप्प झाले. असे डोळे त्या घराण्यात कुणाचेच नव्हते. बारसंही झालं नाही. बापानं बैलगाडी जुंपली आणि बाळंतिणीला तेलगावला पाठवून दिलं. तिला आईबाप नव्हते, चुलत्याकडे ठेवलं. बापानं दुसरं लग्न केलं. तेलगावात पोरं आप्पांना विचारायची, तुझे डोळे कुणाचे रे? मोठी माणसं विचारत नसत, नुसती हसत. मग एका वर्षी योगेश्वरीच्या जत्रेला चुलतआजोबांबरोबर ते अंबाजोगाईला आले. हिंडता हिंडता हा दगड दिसला. कुणीतरी म्हणालं, इथं गोरा साहेब पुरलाय. पोरगं परत गेलं आणि त्यानं गावात सांगितलं की माझ्या बापाचा आजा गोरा होता.

"आईच्या बाजूला टाकला असता तर लोक म्हनले असते, तिच्या घरातच तसलं हाय; मंग काय उपेग हुता? म्हनून बापाच्या बाजूला टाकला," आप्पा म्हणाले. "डोळे बापाच्या खानदानातूनच आले म्हनल्यावर आईला कोन काय बोलनार?"

पुढं कळत्या वयात ते मुद्दाम याच गावात आले, मुद्दाम त्याच बाजारात दुकान टाकलं, आणि ज्या घरानं आईला गाडीत बसवलं त्या घराच्या दारासमोर उभं राहून त्यांच्याच पणजोबाला आयरिश करून टाकलं. सावत्र भाऊ भांडायला आले तर आप्पा म्हणाले, मग डोळे कुणाचे, तुम्हीच सांगा. ते आल्या पावली परत गेले. बोलले असते तर जुनी घाण परत वर आली असती. आप्पांना कुणी मुलगी दिली नाही, ती मात्र त्या घाणीमुळंच. मला त्यांच्या फुटबॉलचं हसू यायचं ते आठवलं.

नोरा माझ्या दंडाला धरून विचारत होती, काय सांगताहेत? मी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. तिनं बराच वेळ बेलाचं एक पान हातात फिरवलं. मग म्हणाली, आमचं शहर इंग्लंडात आहे, पण आम्हाला इंग्रज म्हटलेलं खपत नाही. निम्मं शहर आपण आयरिश असल्याचं सांगतं. माझ्या आजीच्या काळात याच नावाला कुणी काम देत नव्हतं, घर भाड्यानं देत नव्हतं. आता तेच नाव शहर मिरवतं. आणि पुरावा म्हणाल तर कुणाकडेच नसतो. घरातलं कुणीतरी सांगून गेलेलं असतं, एवढंच.

‘इंग्रज म्हटलेलं खपत नाही’ हे मी मराठीत सांगितलं तेव्हा आप्पांच्या मिशीत जरासं हसू हललं. मी काय म्हनत हुतो, असं ते पुटपुटले. पण लगेच गंभीर झाले. दगडावरचा एक वाळका काटा उचलून बाजूला टाकला आणि मला म्हणाले, "मॅडम, बाईंना म्हनावं, माझं काय न्हाई. माझी जिंदगी झाली. पर आई थकलीय. घरी येऊन तिला येवढं सांगा म्हनावं का ह्येचे डोळे आमच्या घरचे हायेत. कुनीतरी येकदा तिच्या म्होरं बसून सांगू द्या. म्या सांगून भागत न्हाई. मी तर तिचाच हाय."

मी हे नोराला सांगितलं. तिनं होकार दिला आणि चष्मा काढून डोळे पुसले. तिचे डोळे अगदी साधे, पिंगट होते, माझ्यासारखे. आप्पांनी ते पाहिलं. खाली मान घालून मला म्हणाले, तेवढा काळा चष्मा घरात काढू नका म्हणावं.

भागाबाई मागच्या दारात नेहमीच्या जागी बसली होती, मांडीवर पोतं, हातात दाभण. नोरा जमिनीवर तिच्या समोर बसली, घरात असून चष्मा डोळ्यावर. तिनं म्हातारीचा मोकळा हात हातात घेतला आणि इंग्रजीत सावकाश म्हणाली की तुमच्या मुलाचे डोळे आमच्या घरातले आहेत, मी ते सांगायलाच समुद्र ओलांडून आले. मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला. आप्पा दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

भागाबाईनं हात सोडवून घेतला, अर्धा राहिलेला टाका पुरा केला आणि सुतळीला गाठ मारली. "बाईला म्हनावं, लई दुरून आलीस. च्या घेऊन जा," ती मला म्हणाली. मग दाराकडे तोंड केलं. "मन्मथा, ह्ये डोळे माझ्या आजीचे हायेत."

आप्पांना कळलंच नसावं. ते तसेच उभे राहिले.

"माझ्या आईची आई. उमापूरची. आसंच हिरवं पानी हुतं डोळ्यात. आमच्यात दुसऱ्या कुनाला आले न्हाईत, तुला आले. तुला पयल्यांदा बघितलं तवा मला लई बरं वाटलंतं. म्हनलं, आजी आली."

"मंग सांगितलं कावून न्हाईस?" आप्पांचा आवाज एखाद्या पोरासारखा झाला होता.

"कुनी इचारलं?" म्हातारी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला ऐकवेना. "तुज्या बापानं इचारलं न्हाई. सासूनं न्हाई. गाडी जुपली. चुलत्याच्या दारात उतरले तर त्यानं मान खाली घातली, त्येनं बी न्हाई इचारलं. सगळ्यास्नी ठावंच हुतं म्हनं. तू बी कवा न्हाई इचारलंस."

आप्पा खाली बसले. बसले म्हणजे चौकटीला पाठ घासत जमिनीवर आले. ‘मला तरी सांगायचं होतंस,’ असं काहीतरी ते बोलले. नीट ऐकू आलं नाही.

"तू त्या जत्रंवरनं आलास," भागाबाई म्हणाली, "तवा हासत आलास. चुलत्याच्या घरात आल्यापास्नं पयल्यांदा हासलास. म्हनलास, माझा पनजा साहेब हुता. म्या म्हनलं, आसंल. पोराला येक मानूस घावलाय, त्यो कावून हिसकून घ्यावा?"

मला वाटतं, मी त्या वेळी रडत होते. नोरा माझ्याकडे बघत होती आणि मी तिला काही सांगू शकत नव्हते. आईची अब्रू राखायला मुलानं एक मेलेला परदेशी माणूस उभा केला आणि जन्मभर सांभाळला. आणि मुलाचं हसू राखायला आईनं आपल्या अब्रूचा एकुलता एक साक्षीदार तोंडात दाबून ठेवला. एका छपराखाली राहून, एका ताटातलं खाऊन, दोघं एकमेकांसाठी गप्प राहिले. कुणी एकदा, फक्त एकदा, त्या पोरीला विचारलं असतं तर बैलगाडी जुंपायची वेळच आली नसती, असं मनात आलं आणि त्या मेलेल्या कापडवाल्याचा, आप्पांच्या बापाचा, मला भयंकर राग आला.

पुढं दुकानात गिऱ्हाईक आलं होतं. आप्पा, ओ आप्पा, अशा हाका येत होत्या. आप्पा उठले नाहीत. ते सरकत सरकत आईपाशी गेले, तिच्या मांडीवरचं पोतं उचलून बाजूला ठेवलं आणि तिच्या गुडघ्याशी बसले.

"कशी हुती गं ती?" त्यांनी विचारलं.

म्हातारीनं थोडा वेळ आठवल्यासारखं केलं. मग त्यांच्या डोक्यावरचा भुसा बोटांनी काढायला लागली. "उच्चीपुरी हुती," ती म्हणाली. "लई बोलायची. दुसऱ्याला बोलू म्हनून द्यायची न्हाई."

नोरानं मला हळूच विचारलं, आता कशाबद्दल बोलताहेत? मी म्हटलं, घरातल्या एका माणसाबद्दल. तिनं चष्मा काढून ठेवला, आणि आम्ही दोघी चहा ठेवायला आत गेलो.